रेडिओतल्या माणसांची हजेरी घेणारे रिकामटेकडे नसतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत एक लेख आला होता, छंदांवरचा, त्यात एका ओळीत असं होतं की परदेशात काही लोक रेडिओवरच्या मालिकेत कुठलं पात्र किती वेळा आलं ह्याचे तक्ते करत बसतात, आणि पुढे कंसात "रिकामटेकडेपणाचा कळस" असं लिहिलं होतं. लेखकाने ते सहज लिहिलं असेल, पण मला ते लागलं, दोनतीन दिवस डोक्यातून गेलं नाही, म्हणून शेवटी हे पत्र लिहायला बसले. कारण मी त्या लोकांपैकी एक आहे. इंग्लंडमध्ये राहते, आणि बीबीसी रेडिओ ४ वरच्या "द आर्चर्स" ह्या मालिकेची वही ठेवते, बऱ्याच वर्षांपासून. पत्र लांबणार आहे, तुम्हाला कापावं लागलं तर कापा, पण मधला पात्रांचा भाग शक्यतो ठेवा.

आधी मालिका काय आहे ते सांगते, आपल्याकडे फार कुणाला माहीत नसते. अ‍ॅम्ब्रिज नावाचं एक काल्पनिक खेडं, बोर्सेटशायर नावाच्या काल्पनिक परगण्यात, तिथली आर्चर नावाची शेतकरी घराणी, शेजारीपाजारी, चर्च, द बुल नावाचा पब, गायी, पीकपाणी, भांडणं. गॉडफ्री बेसली नावाच्या माणसाने सुरू केली. १९५०च्या मे महिन्यात पाच भाग प्रयोग म्हणून फक्त मिडलंड्स भागात ऐकवले आणि १ जानेवारी १९५१ पासून सगळ्या देशात. तेव्हा युद्धानंतरचं रेशनिंग चालू होतं, धान्य वाढवायचं होतं, तर शेतकऱ्यांना नवीन माहिती गोष्टीतून पोचवायची असा हेतू होता, शेतकी खात्याचाही त्यात हात होता. तो हेतू पुढे मागे पडला पण गोष्ट थांबली नाही, पाऊणशे वर्षं होत आली तरी चालूच आहे. रविवार ते शुक्रवार रोज संध्याकाळी साधारण १३ मिनिटांचा भाग. वर्षाला तीनशेच्या वर भाग म्हणजे हिशोब केला तर ६७ तासांच्या आसपास ऐकणं होतं, आणि हे सगळं फक्त कानांनी.

हा "फक्त कानांनी" मुद्दा महत्त्वाचा आहे, त्यावर जरा थांबते. टीव्हीवर एखादी सासू मागे खुर्चीत नुसती बसलेली असली तरी ती दिसते, आपल्याला कळतं की ती आहे. रेडिओवर जो बोलला नाही तो नाहीच. खोलीत चार माणसं आहेत असं लेखकाने ठरवलं असलं तरी त्यातली दोन बोलली तर आपल्यापुरती दोनच आहेत, बाकीच्या दोघांना कुणीतरी नावाने हाक मारली तरच ती खोलीत येतात. म्हणून ऐकणारा आपोआप मोजायला लागतो. "अरे, ही बरेच दिवसांत बोलली नाही", "तो कुठे गेला?" असं मनात यायला लागतं, आणि एकदा ते यायला लागलं की वही फार लांब नसते.

मी इथे येण्याआधी शाळेत शिकवायचे. रोज सकाळी हजेरी घ्यायची सवय. हजेरीपट ज्याने कधी भरलाय त्याला माहितीये, की आलेल्या मुलांपेक्षा न आलेल्या मुलांनी जास्त कळतं, सलग तीन दिवस एका नावापुढे "गै" पडला की घरी काहीतरी झालंय हे बाईंना वर्गात सगळ्यात आधी समजतं. तर इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात, चार वाजताच अंधार पडायचा आणि ओळखीचं कुणी नाही अशा दिवसांत, शेजारच्या आजींनी मला ही मालिका लावून दिली. पहिले काही आठवडे मला आवाज वेगळेच करता येईनात, सगळे सारखेच वाटायचे, उच्चारही कळायचे नाहीत. म्हणून मी शाळेतल्यासारखा तक्ता आखला. आडव्या ओळीत तारीख, उभ्या रकान्यात नाव. बोलला की "उ". हे नुसतं आवाज ओळखायला म्हणून होतं. दोन महिन्यांत आवाज ओळखीचे झाले पण तक्ता काही बंद झाला नाही.

आता नियमांचं सांगते, कारण लोकांना वाटतं हे म्हणजे नुसत्या रेघोट्या. असे तक्ते ठेवणारी जी चारदोन माणसं मला इतक्या वर्षांत भेटली त्यांच्याशी सगळ्यात जास्त बोलणं नियमांवरच होतं आणि ते बोलणं भारी असतं. म्हणजे बघा, एखादा फक्त खोकला तर तो हजर का? हसला तर? फोनवरून आवाज आला तर धरायचं हे सगळ्यांना मान्य आहे, पण फोनवर समोरच्याचा आवाज येत नाही आणि आपलं पात्रच "हो हो, बरं, सांगते त्यांना" असं बोलतंय, तेव्हा तो समोरचा हजर की नुसता उल्लेख? मी उल्लेखाला वेगळी खूण करते, एक टिंब. भाग सुरू होताना मागचा तुकडा ऐकवला तर तो धरायचा नाही. आठवड्याचे सगळे भाग रविवारी सकाळी सलग ऐकवतात ते परत मोजायचं नाही. बाळ रडलं तर मी धरत नाही, माझ्या एका ओळखीच्या बाई धरतात, आणि त्यावरून आमचं अजून एकमत नाहीये. कुत्रा भुंकला तर दोघीही धरत नाही.

आणि नट बदलला तर रकाना तोच ठेवायचा. हा नियम सोपा वाटतो पण त्यामागे बरंच आहे. ब्रुकफील्ड फार्मचा म्हातारा डॅन आर्चर एकामागून एक चार नटांनी केला, १९८६ला पात्र वारलं तोपर्यंत. गावासाठी तो एकच डॅन. उलट बाजूनेही होतं, जून स्पेन्सर सुरुवातीला पेगी आणि रीटा फ्लिन अशी दोन पात्रं एकाच वेळी करायच्या, म्हणजे दोन रकाने आणि एक गळा. मग १९५३ला त्यांनी मुलांसाठी काम सोडलं, पेगी थेल्मा रॉजर्सकडे गेली, आणि १९६२ला जून स्पेन्सर परत पेगी म्हणून आल्या त्या २०२२ पर्यंत, वयाच्या १०३ व्या वर्षापर्यंत. १०३! तक्त्यात अशा पात्राचा रकाना बघताना, नंतर नंतर खुणा विरळ होत जातात, आठवड्याची महिन्यावर जाते, तेव्हा खरंच घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं फिरणं कमी होत जावं तसं वाटतं.

खुणा विरळ का होतात ह्याला अगदी साधी व्यवहारी कारणं पण असतात आणि तक्ता ठेवल्याशिवाय ती लक्षात येत नाहीत. नटांना इथे महिन्याचा पगार नसतो, जितक्या भागात बोलाल तितक्या भागांचे पैसे. त्यामुळे एका भागात मोजकीच माणसं घेतात, गावात साठसत्तर माणसं असली तरी एका संध्याकाळी आपल्याला पाचसहा, फारतर सातआठच भेटतात. सगळं रेकॉर्डिंग बर्मिंगहॅमच्या स्टुडिओत महिन्यातले थोडेच दिवस सलग बसून करतात, आणि तेवढ्या दिवसांत जो नट नाटकात किंवा शूटिंगमध्ये अडकला तो त्या महिन्यात गावात नाही. डेबी नावाची मुलगी आहे, ती टॅमसिन ग्रेग करतात, त्या टीव्ही आणि रंगभूमीवरच्या मोठ्या नटी, तर डेबीला गोष्टीत हंगेरीला शेती बघायला पाठवून दिलंय आणि जमेल तेव्हा ती तिथून फोन करते किंवा चार दिवस येऊन जाते. डेबीचा रकाना बघितला तर महिनोन्महिने कोरा आणि मग एकदम खुणांचा पुंजका. आपल्यातली किती मुलं परदेशी असतात, त्यांच्या आईवडिलांनी असा तक्ता केला तर वेगळा काय दिसेल.

आता जी गोष्ट मला मुख्य सांगायचीये ती. १९९१ला ह्या गावात एक वकील राहायला आली, उषा गुप्ता. आधी सुधा भुचर आणि पुढे सुआद फारेस ह्यांनी ती केली. मी ऐकायला लागले तेव्हा त्या सगळ्या आवाजांत "उषा" हे नाव कानावर पडलं आणि मी हातातलं काम सोडून रेडिओजवळ जाऊन बसले, कारण त्या गावात एक तरी माणूस असं होतं ज्याचं नाव मला कुणी स्पेलिंग करून सांगायची गरज नव्हती. तिला वर्णद्वेषी गुंडांनी दिलेला त्रास, मग गावच्याच चर्चचे धर्मगुरू अ‍ॅलन फ्रँक्स ह्यांच्याशी जुळणं, दोन्हीकडच्या म्हाताऱ्या बायकांचा विरोध, तिच्याकडून सत्या मावशीचा आणि त्यांच्याकडून त्यांच्या आधीच्या सासूबाईंचा, आणि शेवटी २००८ला लग्न, हे सगळं छान झालं, त्या सुमाराच्या पानांवर उषाच्या रकान्यात "उ" भरपूर आहेत. पण एरवीची पानं उलटली तर तिथे आठवडेच्या आठवडे काही नाही. टिंबंसुद्धा कमी. धर्मगुरूंची बायको म्हणून उल्लेख यायचा, वकील म्हणून कुणाला गरज लागली की तेवढ्यापुरती यायची, कागद बघायची, सल्ला द्यायची, जायची. मी तक्ता ठेवला नसता तर मला वाटलं असतं की उषा तर नेहमीच असते, कारण ती माझ्या मनात नेहमी होती. कागदावर तसं नव्हतं. हे मोजल्याशिवाय कळलं नसतं आणि कळल्यावर मला वाईटही वाटलं आणि एक प्रकारे डोळे उघडले, की एखादं माणूस गावात "आहे" आणि गाव त्याच्याशी "बोलतं" ह्यात केवढं अंतर असतं. मी स्वतः इथे कामावर एका ठिकाणी सात वर्षं होते, तिथेही माझं असंच होतं, कुणाला काही अडलं की माझ्याकडे यायचे, चहाच्या वेळी नाही. त्याबद्दल आता जास्त लिहीत नाही. पण त्या वर्षांत संध्याकाळी उषा बोलली की मी "उ" जरा मोठा काढायचे, हे खरंय.

न बोलणाऱ्यांचा एक वेगळाच वर्ग ह्या मालिकेत आहे आणि तो तक्ता ठेवणाऱ्यांचा सगळ्यात लाडका. म्हणजे अशी पात्रं जी गावात राहतात, सगळे त्यांच्याबद्दल बोलतात, त्यांनी काय घातलं होतं, काय म्हणाली, कुणाशी भांडली, पण त्यांचा आवाज आपण कधीच ऐकत नाही. सब्रिना थ्वेट ही त्यातली एक, तिच्या दिसण्याची चर्चा गावभर. दुसरी फ्रेडा फ्राय, पबच्या स्वयंपाकघरात काम करायची, बर्टची बायको. फ्रेडाच्या रकान्यात नुसती टिंबंच टिंबं, एकही "उ" नाही. २०१५ला गावात मोठा पूर आला आणि त्यात जे झालं त्यातून फ्रेडा वारली. जिचा एक शब्द कधी ऐकला नाही त्या बाईसाठी मी ओट्यापाशी उभी राहून रडले, आणि मी एकटीच रडले नसणार ह्याची मला खात्री आहे. वर्षानुवर्षं बर्टने तिचं नाव घेतलं होतं, "फ्रेडा म्हणते", "फ्रेडाने केलंय", त्या टिंबांनीच ती खरी झाली होती. आणि प्रू फॉरेस्टचं तर आणखीच वेगळं, टॉमची बायको, पुष्कळ वर्षं गावात असून तिचा आवाज नाही, आणि १९८९ला दहा हजारावा भाग आला तेव्हा प्रू अचानक बोलली, आणि आवाज कुणाचा तर जुडी डेंच ह्यांचा. मी तो तेव्हा ऐकलेला नाही, मी इथे त्यानंतर आले, पण ज्या शेजारच्या आजींनी मला मालिका लावून दिली त्या हे सांगताना दरवेळी उठून उभ्या राहायच्या.

मृत्यूंबद्दल लिहायलाच पाहिजे कारण हजेरीचा तक्ता शेवटी तिथेच पोचतो. २२ सप्टेंबर १९५५, ग्रेस आर्चर, फिलची नवीनच लग्न झालेली बायको, तबेल्याला आग लागली त्यात गेली. त्याच रात्री आयटीव्ही हे खाजगी टीव्ही चॅनल सुरू होत होतं आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे बोलणं ग्रेसचं. सुमारे २ कोटी लोकांनी तो भाग ऐकला असं सांगतात. ग्रेस करणाऱ्या इझॅन चर्चमन ह्यांनी पुष्कळ वर्षांनी सांगितलं की पुरुष नटांइतकेच पैसे मागितल्यामुळे आपलं पात्र मारलं गेलं असं त्यांना वाटतं. हे वाचलं तेव्हा मला जाणवलं की आपण ज्याला गोष्टीतलं "गैरहजर" म्हणतो त्याच्या मागे कधी कधी ऑफिसातला कागद असतो, कुणाचं तरी मागणं असतं, कुणाचा तरी राग असतो.

आणि फिल. नॉर्मन पेंटिंग ह्यांनी फिल आर्चर १९५० पासून केला, पहिल्या प्रायोगिक भागांपासून, ते २००९च्या ऑक्टोबरमध्ये वारेपर्यंत. एकच माणूस एकच पात्र जवळजवळ साठ वर्षं, गिनीजमध्ये नाव गेलं. त्यांनी शेवटचं रेकॉर्डिंग वारायच्या दोन दिवस आधी केलं होतं आणि भाग आधी रेकॉर्ड होत असल्यामुळे तो नोव्हेंबरमध्ये लागला. म्हणजे माझ्या वहीत फिलच्या रकान्यात, त्यांच्या जाण्याची बातमी वाचल्यानंतरच्या तारखांना, "उ" आहे. तो मी लिहिला तेव्हा पेन जरा अडलं. मग डिसेंबर कोरा, जानेवारी कोरा, फक्त टिंबं, फिल झोपलाय, फिल बाहेर गेलाय, आणि २०१०च्या फेब्रुवारीत त्याची दुसरी बायको जिल घरी आली तर फिल खुर्चीत गेलेला होता. ज्यांच्याकडे तक्ता होता त्यांना ते कोरे आठवडे दिसत होते. लेखकांनी किती हळुवारपणे आपल्याला तयार केलं ते त्या टिंबांमध्ये दिसतं, एकदम नाही तोडलं, घरातल्या माणसांकडून त्याचं नाव घेववत राहिले. हे एरवी कुठल्या समीक्षेत कुणी लिहिलं असतं मला माहीत नाही, माझ्या वहीत ते आहे.

उलट पण होतं. एखाद्याचे "उ" अचानक वाढतात आणि पोटात धस्स होतं. २०११च्या जानेवारीत मालिकेला साठ वर्षं झाली तेव्हा नायजेल पार्जेटर घराच्या छपरावरून पडून गेला, भला माणूस होता. त्यानंतर आम्ही तक्तेवाले कुठलाही वर्धापनदिन जवळ आला की ज्याच्या ओळी वाढतायत त्याच्याकडे काळजीने बघतो.

२०१६चं हेलन आणि रॉबचं कथानक इथे सगळ्यांना माहितीये. नवरा बायकोला मारत नाही फारसा, पण हळूहळू तिचं सगळं काढून घेतो, गाडी, मैत्रिणी, कपडे काय घालायचे, पैसे, आणि शेवटी एप्रिलमध्ये तिच्या हातून सुरी चालते, सप्टेंबरमध्ये खटला. त्या काळात ऐकणाऱ्यांनी अत्याचार सोसणाऱ्या बायकांसाठी काम करणाऱ्या संस्थेला लाखाच्या वर पाउंड गोळा करून दिले. सगळ्यांनी रॉबच्या बोलण्याबद्दल लिहिलं. मला वहीत वेगळं दिसलं, हेलन कुणाकुणाबरोबर बोलते हे मी त्या वर्षी वेगळ्या पानावर लिहीत होते, आणि ती नावं कमी कमी होत गेली होती. आधी मैत्रिणींची नावं गेली, मग तिच्या दुकानातल्या कामातली माणसं, मग उरले ते रॉब आणि त्याची आई. ती रोज हजर होती, "उ" भरपूर होते, पण एकटी पडत चालली होती आणि ते पान बघून मला भाग ऐकण्यापेक्षा जास्त भीती वाटली. शिकवत असते तर मुलींच्या वर्गात ते पान दाखवलं असतं.

२०२०च्या मेमध्ये करोनामुळे स्टुडिओत जाता येईना तेव्हा आधी काही आठवडे जुने भाग लावले आणि नंतर नटांनी घरून एकेकट्याने रेकॉर्ड केलेले, म्हणजे पात्र मनातल्या मनात बोलतंय असे भाग आले. खूप जणांना ते आवडले नाहीत, गाव गेल्यासारखं वाटायचं. मला आवडायचे नाहीत तरी मी ऐकले. त्या पानांवर एका भागात दोनतीनच "उ" आणि तेही एकमेकांशी न बोललेले. आम्ही पण सगळे तसेच बसलो होतो तेव्हा. ते पान मी कुणाला दाखवायचं म्हटलं तर काही समजावून सांगावं लागत नाही.

आता लोक म्हणतील, हे सगळं बीबीसीकडे असेलच ना. आहे थोडंफार, हल्ली वेबसाईटवर भागाच्या पानावर नटांची यादी देतात, त्यामुळे चुका तपासायला सोपं जातं. पण यादीत नाव असणं आणि ते माणूस त्या दिवशी कुणाशी बोललं, कुणाबद्दल बोललं, कुणाचं नाव टाळलं, हे त्या यादीत नसतं. ते ऐकणाऱ्याकडेच राहतं. आणि जुन्या काळाचं तर विचारूच नका, सुरुवातीच्या वर्षांतले फार थोडे भाग आवाजाच्या रूपात शिल्लक आहेत, तेव्हा टेप महाग, पुसून परत वापरायचे. अशा वेळी घरगुती वही, वर्तमानपत्राचं कात्रण, कुणीतरी कॅलेंडरवर लिहून ठेवलेलं "आज डोरिस बोलली", ह्याला किंमत येते.

आणि म्हणूनच मी हे मराठी पेपरला लिहितेय, इंग्रजी पेपरला नाही. आपल्याकडे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर "पुन्हा प्रपंच" लागायचं, बाळ कुडतरकरांचे पंत, नीलम प्रभूंच्या मीना वहिनी आणि प्रभाकर जोशींचे टेकाडे भावजी. ज्यांनी ऐकलंय त्यांच्या कानात ते तिघं अजून आहेत, नुसतं "टेकाडे भावजी" म्हटलं की माझ्या आईचा चेहरा बदलायचा. ह्या तिघांशिवाय त्या घरात कोण कोण यायचं? शेजारी कोण होते? कुणाचं नुसतं नाव यायचं आणि आवाज कधीच आला नाही? मीना वहिनींच्या माहेरचं कुणी कधी बोललं का? माझ्या आईला हे सगळं पाठ होतं आणि मी तिला कधी विचारून लिहून घेतलं नाही. परक्या देशातल्या खोट्या गावाच्या माणसांची हजेरी मी इतकी वर्षं घेतली आणि आईच्या स्वयंपाकघरात रोज येणाऱ्या माणसांची एक ओळ माझ्याकडे नाही. ह्याची मला खंत आहे.

म्हणून आपल्या वाचकांना माझी विनंती आहे, विशेषतः सत्तरीच्या पुढच्या वाचकांना आणि त्यांच्या नातवंडांना. रेडिओवरच्या मराठी मालिका, श्रुतिका, कामगारांच्या आणि शेतकऱ्यांच्या कार्यक्रमातली ती नेहमीची बोलणारी माणसं, जी जी आठवतात ती कागदावर घ्या. फार नीट नको. पात्राचं नाव, आवाज कसा होता, कुणाशी बोलायचं, आणि ज्यांचा नुसता उल्लेख यायचा त्यांना टिंब. साल नक्की नसेल तर "मी पाचवीत होतो तेव्हा" असं लिहिलं तरी चालेल, पाचवीचं साल काढता येतं. दोन घरांतल्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही ठेवा, खोडू नका. नातवंडांनी आजीआजोबांना नुसतं "काय आठवतं" असं विचारू नये, त्याने काही येत नाही, "भावजी घरात आले की पहिलं काय म्हणायचे" असं विचारावं, मग बघा आवाजासकट येतं.

आपण पुरवणीत त्यासाठी आठवड्याला चार इंच जागा दिलीत तर मी पहिली माझ्या वहीची दोन पानं, नियमांसकट, फोटो काढून पाठवते, म्हणजे रकाने कसे आखायचे ते लोकांना दिसेल. आणि ज्या लेखकाने ती कंसातली ओळ लिहिली त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांना एवढंच सांगा की घरातल्या मोठ्यांपैकी कुणी "पुन्हा प्रपंच" ऐकलं असेल तर आज संध्याकाळी त्यांच्यापाशी बसावं, कागद आणि पेन घेऊन.

इथे आता सातला पाच कमी आहेत, भाग लागेल, म्हणून थांबते. उषा गेल्या काही आठवड्यांत बोललेली नाही, कालच्या भागात तिचं एक टिंब आहे.

आपली,
इंग्लंडमधली एक जुनी वाचक